आक्कांच्या जीपची स्टेपनी

बुधवारची संध्याकाळ आहे. बऱ्याच जणींच्या तव्यावर भाकरी असेल, तेव्हा हात चालू द्या आणि कान तेवढे इकडे द्या.

या कार्यक्रमात मी तुमच्याशी आजवर कर्जाच्या हप्त्यांवर बोलले, बँकेच्या पासबुकावर बोलले, पापडाच्या पाकिटावर काय छापावं त्यावर बोलले. आज मी टायरवर बोलणार आहे. रेडिओच्या ताईंना विषय सांगितला तेव्हा त्या हसल्याच. म्हणाल्या, "अगं, हा विषय शेतकरीदादांच्या कार्यक्रमात घेऊ या की." मी म्हटलं, नको, आपल्याच कार्यक्रमात हवा. कारण हा टायर कुणा दादांनी नाही, मी आणला होता. गटाच्या पैशातून आणला होता. आणि चुकीचा आणला होता.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आमच्या गटात सत्तरीच्या पुढच्या एक आक्का आहेत. त्यांच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी सरकारी लिलावात एक जीप घेतली. कागदावर ती गाडी १९७१ ची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा बरीच थोरली. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात की ही सरकारी होती तेव्हा कुटुंब नियोजनाची माणसं हिच्यातूनच यायची, आणि ती दिसली की बाप्ये शेताच्या बांधामागं जाऊन बसायचे. आता तीच जीप आक्कांच्या अंगणात असते आणि आक्कांचा मुलगा ती चालवतो. तालुक्याची बैठक, ग्रामसंघाची सभा, गणपतीच्या आधी चिपळूणला पापड आणि मोदकाचं पीठ घेऊन जाणं, सगळं तिच्यातून. आक्का भाडं घेत नाहीत, तेल तेवढं आम्ही घालतो.

आक्कांचा पुण्याचा पुतण्या मागं लागला होता की गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये तसा नियम काढला आहे. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात जपलेली असेल तर तिला वेगळा नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापराला चालवता येत नाही, धंद्यासाठीही नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, तेल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. आक्का म्हणाल्या, "म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची. मग बायकांना बैठकीला कोण नेणार, तुझी रॅली?" विषय संपला.

आता त्या रात्रीचं सांगते. गणपतीच्या आधीचा आठवडा. आम्ही सहा जणी चिपळूणला माल विकून परत येत होतो. माल संपला होता, सगळ्या खुशीत होत्या. कुंभार्ली घाट अर्धा चढून आलो आणि डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं. पाऊस उभा कोसळत होता. तरी आम्हाला काळजी नव्हती, कारण स्टेपनी होती ना गाडीला! मागं लटकलेली, नक्षी अगदी कोरी, कधी वापरलेलीच नाही.

तिथंच तर घोटाळा होता. कधी वापरलेली नाही म्हणजे किती वर्षं? आक्कांच्या मुलालाही आठवेना. उन्हात आणि पावसात लटकून रबर वाळलेल्या कातड्यासारखं झालं होतं, बाजूनं बारीक भेगा पडल्या होत्या. चाक बसवून जॅक खाली सोडला, पन्नास पावलं गाडी गेली आणि ते चाक कडेनं उसवलं. शिवण उसवते तसं.

पण त्याच्याही आधी एक प्रकार झाला होता. बसलेल्या चाकाचे नट निघेनात. आक्कांच्या मुलानं जोर लावला, एका ट्रकवाल्या दादानं उतरून पान्यावर पाय दिला, आणि कट्‌ करून बोल्टच तुटला. पाचातले चारच उरले. का निघत नव्हते ते पुढं सांगते.

फोनला रेंज नाही. शेवटी भाजीच्या एका टेम्पोनं आम्हाला हेळवाकपर्यंत सोडलं, तिथून एका ओळखीच्याची गाडी बोलावली. घरी पोचायला रात्रीचा दीड वाजला. आम्ही पाच जणी घरी बोलणी खाल्ली आणि झोपलो. सहावीचं तसं झालं नाही. ती गटातली सगळ्यात लहान, लग्नाला तीन वर्षं झालेली, बाळ दहा महिन्यांचं. बाळ रडून रडून झोपलं होतं. सासूबाई दारात बसून होत्या. त्या काही वाईट नाहीत हो, घाबरल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की ही आता गटाबिटाला येणार नाही. आणि दोन महिने ती आली नाही. हप्ता दिराच्या हाती पाठवायची. आमच्या गटाचा हिशोब तीच लिहीत होती. सगळ्यात सुंदर अक्षर तिचं.

म्हणून टायर हा आपला विषय आहे.

आता या 'स्टेपनी' शब्दाचं ऐका. मला वाटायचं हा आपल्याच ड्रायव्हर लोकांनी पाडलेला शब्द असेल. पण तो विलायतेतला आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये वेल्स म्हणून प्रांत आहे, तिथं लनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. त्या रस्त्यावर डेव्हिस नावाच्या दोन भावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या काळी मोटारीला जादा चाक द्यायची पद्धतच नव्हती. चाक बसलं की रस्त्यातच टायर काढायचा, ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा. या भावांनी १९०४ मध्ये एक जादा चाक काढलं. आऱ्या नसलेली नुसती कडी, तिच्यावर हवा भरलेला टायर. बसलेल्या चाकाला ती बाहेरून आवळायची आणि घर गाठायचं. रस्त्याच्या नावावरून त्याला स्टेपनी म्हणू लागले. आज इंग्रज लोक स्वतः तो शब्द विसरले आहेत, पण आपल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर तो आहे. तिकडं ब्राझील देशातही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, तोही यातूनच निघालेला. आपल्याकडं या शब्दावरून बायकांना काय काय घाणेरडं बोलतात ते मला माहीत आहे. तेव्हा पुढं कुणी बोललं तर त्याला हे लनेलीचं दुकान सांगा.

बरं. तर गटाची बैठक झाली. आक्का म्हणाल्या, नवी स्टेपनी मी घेते. पण आक्कांची पेन्शन आम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, गाडी आपण सगळ्या वापरतो, गटानं घेऊ या. त्यावर एक वहिनी बोलल्या, आणि बरोबर बोलल्या, "गाडी आक्कांची आणि टायर गटाचा, हे कसं? उद्या गाडी विकली तर?" अर्धा तास वाद झाला. शेवटी असं ठरलं की आपल्या गटाची मोठी पातेली जशी आक्कांच्या माळ्यावर असतात, तशी ही स्टेपनी. राहील आक्कांच्या गाडीवर, पण मालकी गटाची. गाडी गेली तरी स्टेपनी राहणार. तसा ठराव लिहिला. आणायची जबाबदारी समन्वयक म्हणून माझ्यावर आली.

मी मोबाईलमध्ये जुन्या टायरचा फोटो काढला. त्यावर इंग्रजी आकड्यांत लिहिलं होतं ६.००-१६. ते घेऊन तालुक्याच्या दुकानांत फिरले. एक म्हणाले, हा नंबर बंद झाला. दुसरे म्हणाले, चारी चाकं बदलून रुंद टाका, मस्त दिसेल. मी म्हटलं, दिसायला नकोय, घरी पोचायला हवंय. तिसऱ्या दुकानात मुलगा लगेच आत गेला आणि टायर घेऊन आला. नंबर वाचला, ६.००-१६. अगदी तोच. नवा कोरा, ट्यूबसकट ४,१०० रुपये. मी व्हाउचर केलं, सही केली, टायर एसटीच्या टपावर टाकला आणि वाडीत आणला. काय मिरवलं म्हणून सांगू! आक्कांनी टायरला हळदीकुंकू लावलं. आक्कांच्या मुलानं तो जुन्या डिस्कवर चढवूनही घेतला.

आमच्या शेजारच्या वाडीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर मामा आहेत. ते सहज अंगणात आले, टायरकडं पाहिलं आणि म्हणाले, "काय गं पोरी, जीपनं नांगरायला जाणार काय?"

मला कळेना. मामांनी बोट ठेवून दाखवलं. टायरच्या गोलाईवर नक्षी नव्हतीच. नुसत्या तीन जाड रेघा, चाकाभोवती गोल फिरलेल्या. ते ट्रॅक्टरचं पुढचं चाक होतं.

झालं होतं ते असं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्या एकाच नकाशावरून जीप बनवत होत्या. एकीचा भाग दुसरीला बसावा असा हिशोब. तशा सहा लाखांहून जास्त जीपा झाल्या आणि त्या ६.००-१६ च्या चाकावर धावत होत्या. युद्ध संपल्यावर आपल्या मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि तोच नंबर आपल्या रस्त्यांवर आला. पुढं मोटारी बदलल्या, चाकं बदलली, जीपचा नंबर दुकानातून मागं पडला. पण आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचा नंबर तोच, ६.००-१६. म्हणून नंबर सांगितला की दुकानदार ट्रॅक्टरचा टायर काढून देतो. त्यानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं विचारलं नाही कुठल्या गाडीला, आणि मी सांगितलं नाही.

नंबर सारखा म्हणजे डिस्कवर चढणार. चढला की. पण मामांनी समजावलं ते तुम्हीही समजून घ्या. ट्रॅक्टरचं पुढचं चाक गाडी ओढत नाही, ते फक्त वळतं. त्या गोल रेघा मातीत रुतून चाक आडवं सरकू देत नाहीत, त्याच्यासाठीच आहेत. त्यांना डांबरावरची ब्रेकची पकड ठाऊक नाही. तेच चाक जीपला मागं लावलं तर ओल्या घाटात ते गाडी वर ओढणार कसं आणि उतारावर थांबवणार कसं? दुसरं म्हणजे वेग. तो टायर ट्रॅक्टरच्या चालीसाठी बनवलेला असतो. मोटारीच्या वेगानं पळवला की रबर आतून तापतं, आणि तापलेलं रबर कधी सोडेल सांगता येत नाही. तिसरं, मागच्या दोन चाकांचा घेर वेगवेगळा असला तर दोघांच्या मधलं डिफरन्शियल सारखं झिजत राहतं.

आमच्यातली एक म्हणाली, "मामा, स्टेपनीच आहे की. वीस किलोमीटर हळूहळू जायचं आणि पंक्चर काढून घ्यायचं." मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ४,१०० रुपये वाचत होते आणि माझी अब्रूही. मामा म्हणाले, "स्टेपनी लावायची वेळ दुपारी बारा वाजता सपाट रस्त्यावर कधी आली आहे का? ती रात्रीच लागते, पावसात लागते आणि घाटात लागते."

कुणीच काही बोललं नाही. घाट सगळ्यांना आठवत होता.

टायर चढवलेला होता, दुकानानं परत घेतला नाही. पुढच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. मैत्रिणींनो, मी बारा वर्षं गटांचे हिशोब तपासते, दुसरीच्या चुकीवर लाल पेन मारते. त्या दिवशी पेन माझ्यावर होतं. मी म्हटलं, नुकसान माझ्या मानधनातून कापा. आमच्या अध्यक्ष म्हणाल्या, थांब, आधी टायर विकून बघू. गटातल्या एकीच्या घरी ट्रॅक्टर आहे, पुढचा टायर झिजलेला. तिच्या मालकांनी ३,५०० ला घेतला. राहिले ६००. ते मी भरले. काही जणी नको म्हणत होत्या, पण इतिवृत्तात तसं लिहून घेतलं ते बरं झालं. नाहीतर वर्षभर कुणाच्या तरी मनात राहिलं असतं.

त्यानंतर मात्र मी टायर वाचायला शिकले. मामा गुरू, आणि अंगणातली जीप ही शाळा. तुमच्या घरी जीप नसेल, पण स्कूटी असेल, टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल. टायरच्या कुशीवर अक्षरं असतात, ओलं फडकं फिरवलं की दिसतात. ६.०० म्हणजे टायरची रुंदी सहा इंच. १६ म्हणजे ज्या डिस्कवर तो बसतो तिचा व्यास सोळा इंच. मी हुशारी करून टेपनं डिस्क मोजली तर जास्त भरली. कारण मी कडेच्या ओठापासून ओठापर्यंत मोजत होते, आणि टायर बसतो तो आतल्या खाचेत. तेव्हा टेपपेक्षा अक्षरावर विश्वास ठेवा.

दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असेल तर तो जुन्या पद्धतीचा, दोऱ्यांचे थर तिरके एकमेकांवरून गेलेला टायर. रेघेच्या जागी इंग्रजी आर असेल तर रेडियल. एकाच धुरीवर एक असा आणि एक तसा लावायचा नाही, वळणावर दोघं वेगवेगळे वागतात. पुढं एखादा आकडा आणि पीआर लिहिलेलं असतं, ते टायर किती वजन पेलेल त्याचं माप. आमच्यासारखी सहा जणी आणि पिठाची पोती असतील तर ते बघायलाच हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जन्मतारीख. एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, कितीही काळाकुट्ट चमकत असला तरी त्याला हात लावू नका. आमच्या फुटलेल्या स्टेपनीवर मग जाऊन पाहिलं. तीन आकडे होते.

तरी टायर सापडायचा होताच. पुतण्याच्या सांगण्यावरून मी आणि आक्कांचा मुलगा पुण्याला जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो. कधी गेला नसाल तर एकदा जा, सुईपासून मोटारीच्या बोनेटपर्यंत काय नाही तिथं. मी जाताना एक गोष्ट केली होती. आपण ब्लाउजचा कागद कापतो ना, तसा वर्तमानपत्राचा कागद जीपच्या डिस्कवर दाबून पाच भोकांचा आणि मधल्या मोठ्या भोकाचा ठसा घेतला आणि कापून घेतला. पाच भोकं असली की टेपनं मोजता येत नाही, एकाच्या बरोबर समोर दुसरं येतच नाही. कागद मात्र खोटं बोलत नाही. जुन्या बाजारात एका दुकानदारानं मला चार डिस्का दाखवल्या, "सगळ्या जीपच्याच ताई" म्हणून. मी कागद ठेवला. तिघींची भोकं जुळेनात, एकीची बरोबर जुळली. तो माणूस कागदाकडं बघतच राहिला. भाव करताना मग जरा नरमला.

डिस्क कशाला, तर जुन्या स्टेपनीची डिस्क त्या रात्री फुटलेल्या टायरसकट घाटात थोडी चालली होती. कडेला वाकली होती. ट्रॅक्टरचा टायर चढवताना ते कुणी बघितलंच नव्हतं. वाकडी डिस्क ट्यूब खाते.

बाजारात टायरही मिळत होता. नंबर तोच, नक्षी जीपची, भाव निम्म्याहून कमी. चौकट शोधली. फडक्यानं पुसली. तीन आकडे. आक्कांचा मुलगा म्हणाला, "ताई, भेगा नाहीत की." मी टायर कुशीला दाबून वाकवला तेव्हा भेगा दिसल्या. सोडून दिला. खरं सांगते, त्या माणसाच्या तोंडावर सोडून देताना फार अवघड वाटलं. आपल्याला सवय नसते ना.

शेवटी टायर मिळाला तो कराडला, घरापासून सगळ्यात जवळच्या मोठ्या गावी! तिथल्या एका घाऊक विक्रेत्याला या वेळी मी नुसता नंबर सांगितला नाही. गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, चालू टायरच्या नक्षीचा फोटो दाखवला, आणि सुतळीनं घेतलेला चालू टायरचा घेर दिला. ते म्हणाले, या नक्षीचा निघतो, पण ठेवत नाही, मागवावा लागेल. बारा दिवसांनी आला. पैसे देण्याआधी मी चौकट वाचली, सुतळी फिरवली, मग सही केली. नवी ट्यूबही घेतली. जुनी ट्यूब नव्या टायरात घालायची नाही, ती ताणून सैल पडलेली असते, आत चुणी पडते आणि तिथंच कापते.

आता त्या न निघणाऱ्या नटांचं सांगायचं राहिलं. आमच्या या जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. नेहमीचा नट आपण डावीकडं फिरवून सैल करतो, बरणीचं झाकण काढतो तसा. हे नट उजवीकडं फिरवल्यावर सैल होतात. जुन्या जीपांना तसंच असायचं, चाक फिरता फिरता नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. त्या रात्री दोन धट्टेकट्टे गडी नट सोडवत नव्हते, जोर लावून आवळत होते! बोल्टच्या डोक्यावर बारीक इंग्रजी एल कोरलेला आहे, पण तो बॅटरीच्या उजेडात कोण बघणार. आता आम्ही डाव्या चाकांच्या वर तांबड्या रंगानं मराठीत 'उलटं' लिहून ठेवलं आहे.

आणि एका रविवारी मामांनी आम्हा सगळ्यांना चाक बदलायला लावलं. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून मागून दगड. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक. चाक अधांतरी झाल्यावर नटाला जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, डोकं तर नाहीच. बसवताना एक नट सोडून पुढचा असे आलटून पालटून आवळायचे, आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा एकदा. पान्याला हात पुरत नसेल तर लोखंडी नळीचा तुकडा जोडायचा. पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्या बायका आपण, त्यात काही अवघड नाही. मी सगळ्यात शेवटी पूर्ण केलं. आक्कांनी साडीचा काष्टा मारून दोन नट सोडले आणि मग कमरेला हात लावून बसल्या.

स्टेपनीला आम्ही जाड ताडपत्रीची टोपी शिवली आहे, ऊन लागू नये म्हणून. दर बैठकीला बचतीचे पैसे गोळा करायच्या आधी एक जण जाऊन हवा बघून येते आणि वहीत लिहिते.

ती वही कोण लिहितं, तर तीच. सगळ्यात लहान. नवी स्टेपनी आली त्या दिवशी मी आणि आक्का तिच्या घरी गेलो होतो. सासूबाईंना गाडीपाशी घेऊन आलो. टायर दाखवला, तारखेची चौकट दाखवली, जॅक दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. टायरवर अंगठा दाबून पाहिला, आंबा पिकला का बघतात तसा. पुढच्या बैठकीला सून आली. बाळ घेऊन आली.

मागच्या महिन्यात आम्हाला पाटणला प्रशिक्षणाला जायचं होतं. मी तिला न्यायला गेले तर सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "किती वाजता येणार?" मी म्हटलं, "सातपर्यंत." त्या म्हणाल्या, "हवा बघितली का?" मी म्हटलं, "बघितली, मावशी." मग त्या सुनेकडं वळल्या. "आणि पाना कुठं ठेवला आहे ते माहीत आहे ना तुला?"

ती म्हणाली, "सीटखाली."

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. तुमच्या घरच्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे तेवढे वाचून ठेवा, आणि जमलं तर रेडिओ केंद्रावर फोन करून मला सांगा.